त्रेसष्ट गुणांची डबी

ज्या वर्षी तात्यांच्या नातीचं लग्न झालं, त्या वर्षी त्यांच्या आक्काने भरल्या घरात विचारलं, "आईचं चांदीचं नाणं तू बदललंस ना रे?" पन्नास वर्षं ती हे पुटपुटत होती. त्या दिवशी आवाज चढला, इतकंच.

तात्यांनी चाळीस वर्षं सोनारकी केलेली. अख्खी पेठ त्यांच्याकडून दागिने पारखून घ्यायची.

"आक्का, मी सांगतो ना, हे तेच आहे."

"चोरच पंच होय? त्रयस्थाकडून लिहून आण. मरायच्या आधी कळू दे मला."

त्रयस्थ लगेच सापडला. नाणं तपासून, त्याला सत्तरपैकी गुण देऊन, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून देणारी एक संस्था होती. ती विश्वासार्ह असल्याचा दाखला दुसरी संस्था देत असे. दुसरीला दाखला पहिली देई. तात्यांनी दोन्ही दाखले वाचले आणि निर्धास्तपणे नाणं पाठवलं.

तीन महिन्यांनी पार्सल आलं. डबीवर चकचकीत लेबल : 'अस्सल. त्रेसष्ट गुण.' सील पक्कं. डबी रिकामी. नाणं सोबतच्या पाकिटात होतं. आत ठेवायचंच राहून गेलं होतं.

तात्या तडक कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी डबी निरखली.

"आजोबा, सील शाबूत आहे. म्हणजे नाणं आत आहे."

"अहो, आरपार दिसतंय की!"

"दिसण्याला आमच्याकडे गुण नाहीत."

"मग माझ्या हातात हे काय आहे?"

"अस्सल आत म्हटल्यावर बाहेरचं नकलीच असणार. ते घेऊन फार हिंडू नका. गुन्हा आहे."

तात्या दोन्ही वस्तू घेऊन आक्काच्या खाटेशी बसले. आक्का अंथरुणाला खिळली होती, पण नजर तीक्ष्ण. तिने लेबल दोनदा वाचलं, डबी उलटसुलट केली आणि उशीखाली सारली.

"आता माझ्या मनात काही नाही हो," म्हणत तिने भावाच्या गालावरून हात फिरवला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मग नाणं त्यांच्या मुठीत कोंबलं. "आणि हे खोटं टाकून दे, मेल्या. मी कुणाला सांगणार नाही."

तात्यांनी मूठ तशीच खिशात घातली.

डबी आता तात्यांच्या बैठकीत काचेच्या कपाटात असते. येणारा जाणारा लेबल वाचतो आणि "वा!" म्हणतो. "आत काहीच नाही की हो!" असं आजवर एकट्या भांडीवालीने म्हटलं. तिला वाचता येत नाही. तुम्हाला येतं, तेव्हा तुमची काळजी नाही.

आक्का लग्नानंतर पाचव्या महिन्यात, मंगळवारी दुपारी वारली. दाखला आहे.