रस्त्यातला आदर्श चौकोन

वसाहतीकडे जाणाऱ्या नव्या रस्त्याचा भराव चाचणीत पास झाला, तरच मला नोकरीत कायम करायचे, असे कार्यालयाने ठरवले होते. भरावाचे शास्त्र साधे आहे. माती कोरडी असेल तर रोलर कितीही फिरवा, ती नीट दबत नाही. फार ओली असेल तर नुसता चिखल. पाणी बेताचेच लागते.

"कणकेसारखंच की!" बायको म्हणाली. "पाणी घालायचं आणि लगेच मळायचं. त्यात काय एवढं?"

त्यात एवढे, की टँकर पाणी खात्याचा आणि रोलर बांधकाम खात्याचा. टँकर सकाळी येई, रोलर संध्याकाळी. तोवर माती ठणठणीत कोरडी. दोघांना एकत्र आणायला संयुक्त बैठक लागते, आणि ती कोणाच्या दालनात घ्यायची हा वाद अद्याप विचाराधीन आहे.

शेवटी मी घरची बादली आणली. चटईएवढा चौकोन हाताने भिजवला आणि रोलरवाल्याच्या हातापाया पडून तेवढ्यावर रोलर फिरवून घेतला. चाचणी पास! मला तर तिथेच नाचावेसे वाटले.

मोठे साहेब जातीने आले. चौकोनावर बूट आपटून म्हणाले, "वा! यापुढे सगळ्या चाचण्या इथंच घ्या."

"पण साहेब, बाकीचा रस्ता?"

"त्याची चाचणीच घेतली नाही, तर तो नापास होईलच कसा?"

बिनतोड! चौकोनाभोवती कठडा आला, वर छप्पर आले, पहारेकरी नेमला गेला. चाचणीसाठी पाडलेला खड्डा मी दर वेळी बादली आणून नव्याने भरत असे. बाहेरचे अभियंते चौकोन बघायला येऊ लागले.

मग कठडा आणि छप्पर हटवून थाटात उद्घाटन झाले, गाड्या धावू लागल्या आणि महिनाभरात रस्ता वीतभर खचला. चौकोन मात्र जागचा हलला नाही. भर रस्त्यात ओट्यासारखा उंच उभा राहिला.

फोन खणखणू लागले. मी म्हटले, संपलं! आता रस्ता खचल्याची बोंब होणार. छे हो! जो तो चौकोनावरच उखडलेला. "मध्येच हा कसला उंचवटा? गाडी आपटते. काढा आधी तो!"

खात्याने जनभावनेचा आदर केला. चौकोन खणताना पहारी वाकल्या, पण काढला एकदाचा. आता रस्ता सगळीकडे सारखाच खचलेला आहे आणि तक्रार एकही नाही. तक्रारीच्या तत्पर निवारणाबद्दल मला कायम करण्यात आले.

आभार मानायचे तर तुमचेच. पहिला फोन तुमचाच होता ना? आवाज ओळखला मी. आता रोज बघतो, किती समाधानाने गचके खात जाता!