नाल्यात मुरमुरे सोडणारे बापूसाहेब

सन छप्पन. मी सव्वीस वर्षांचा गवंडी, दुसरीपर्यंत शिकलेला. पन्नाशीचे बापूसाहेब धोतर गुडघ्यावर खोचून आमच्या घरामागच्या नाल्यात मुठीने मुरमुरे सोडत होते, आणि अर्धं दौलतगंज काठावर उभं राहून बघत होतं.

नाल्यालगत, तळ्यालगत काही बांधायचं तर सरकारी परवानगी लागे. कचेरीत बापूसाहेब कारकून, पण त्यांच्या शेऱ्याशिवाय वरचे साहेब सही करीत नसत. बापूसाहेब नकाशा उघडतच नसत. मुरमुरे सोडायचे, त्यांच्या मागोमाग चालायचं. जिथे ते अडकतील तिथे पाणीही तुंबणार, म्हणून बांधकामाला मनाई. कचेरीतला शिपाई म्हणे, "आधे नाले में, आधे बापूसाब में." ते खरंच होतं, अर्धी मूठ ते स्वतःच खात.

मला घराला एक खोली वाढवायची होती. जागा मागेच, ती अर्धी नाल्यात. लग्नाची बोलणी चालली होती, आणि मुलीच्या वडिलांनी साफ सांगितलं होतं, वेगळी खोली नसेल तर मुलगी देणार नाही.

हाच अर्ज वडिलांनी रियासतीत, संस्थान होतं तेव्हा केला. नामंजूर. संस्थान जाऊन मध्य भारत राज्य झालं तेव्हा मी केला. नामंजूर. आता मध्य प्रदेश होणार म्हणून तिसऱ्यांदा केला.

"बापूसाहेब, सरकार बदलतंय."

"नाल्याला अजून कुणी कळवलं नाही."

"तीन कमानी घालतो. पाणी आरामात जाईल."

"जाईल ना, मिस्तरी. तुमच्या शेजारणीच्या चुलीत जाईल."

मुरमुरे आमच्या भिंतीपाशी येऊन थांबले. मी म्हटलं, वारा होता. "ठीक है, फिर से," म्हणून त्यांनी पुन्हा मूठ सोडली. पुन्हा तिथेच थांबले. त्यांनी मनाईचा शेरा लिहिला, मी तोंड फिरवून घरात गेलो. कुणापुढे वाकायची मला सवय नाही. आजही नाही.

पुढे कचेरी भोपाळला जायची ठरली, तिच्याबरोबर बापूसाहेबही. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला फूलबागेजवळच्या आपल्या घरी बोलावलं. मला वाटलं, जाता जाता मन पालटलं.

"शेरा तोच आहे," ते दारातच म्हणाले. "पण माझ्या या दोन खोल्या आता रिकाम्या राहणार. नवरी इथे आणा."

मी छत बघू लागलो. तुळईला पाळण्याची कडी होती. जुनी, पण गंज नाही, तेल लावलेली.

"बायको लग्नाच्या पहिल्याच वर्षी गेली," ते म्हणाले. "तुम्ही गवंडी आहात. ओढून बघा, पक्की आहे ना?"

मी दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. जराही हलली नाही.

"पक्की आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडावच्या अड्ड्यावरून तांगा घेऊन त्यांच्या दारी गेलो. स्टेशनवर हमाल धावत आले. त्यांना बाजूला सारलं आणि बापूसाहेबांची ट्रंक मी माझ्या डोक्यावर घेतली.