दोरीवरच्या दोन चादरी

मंगळवारी सकाळी अकरा ते बारा या घरात पान हलणार नाही, असं थोरलीनं रविवारीच जाहीर करून टाकलं.

"डोंगरावर पान हलवायला माणूस लागत नाही," बाबा म्हणाले. "वारा पुरतो."

"मग वाऱ्यालाही सांगून ठेवा."

थंडीत आई गेली, तेव्हा थोरली पंधरा दिवसांसाठी म्हणून वर आली. ते पंधरा दिवस तिनं रबरासारखे ताणत ताणत पार उन्हाळ्यापर्यंत आणले. तिची नोकरी खाली शहरात, बसगाड्यांची वेळापत्रकं जुळवून देणाऱ्या एका कंपनीत. काम सगळं लॅपटॉपवरचं, म्हणजे कुठूनही होण्याजोगं. पण साहेबांना 'कुठूनही' हा शब्द पचत नसे. त्यांच्या मते काम टेबलावर होतं आणि टेबल ऑफिसात असतं. त्यातून मागच्या बैठकीत आईच्या शेळीनं खिडकीतून मान आत घातली आणि पुढच्या तिमाहीचा आराखडा शेवटपर्यंत ऐकला.

"या कोण? नवीन आहेत का?" साहेबांनी विचारलं. साहेबांचा चष्मा जुना होता.

थोरलीनं खरं सांगितलं, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. साहेबांनी निकाल दिला: एक बैठक. तासभर. शेळी नको, कोंबडा नको, उठबस नको, खरखर नको. जमलं तर वर्षभर डोंगरावरून काम करा. नाही जमलं तर एक तारखेला टेबलावर.

थोरली टेबलावर गेली की पुढचं धाकट्या भावानं ठरवूनच ठेवलं होतं. बाबांना तो आपल्या फ्लॅटवर नेणार होता. "अकरावा मजला आहे, ताई," तो फोनवर सांगायचा. "बाबांना उंचीची सवय आहेच. खाली बघितलं की झालं."

 त्याचा फोन आला की बाबा त्या दिवशी दोनदा चहा करत आणि दोन्ही वेळा प्यायचे विसरत.

तेव्हा बैठक पार पडणं भाग होतं, आणि थोरली तयारीला लागली. शेळीला मागच्या गोठ्यात बांधलं, कोंबड्यांना खुराड्यात कोंडलं. छपरावरची इंटरनेटची अँटेना बाबांनी स्वतः तपासली. बाबा निवृत्त होईपर्यंत रोपवेचं वरचं स्टेशन सांभाळत होते. दरीपलीकडच्या वस्तीतून माणसं पाळण्यात बसून तारेवरून इकडे यायची आणि बाबांच्या हातात खटका असायचा. त्यामुळे तार म्हटली की ते डोळ्यांत तेल घालत. अँटेनेला ते चाळण म्हणत. ती पलीकडच्या टॉवरकडे रोखून त्यांनी तिला अशी आवळली होती, की वादळानं छप्पर नेलं असतं, चाळण राहिली असती.

राहता राहिले बाबा.

"एक तास तुम्ही तोंडातून अक्षर काढायचं नाही," थोरली म्हणाली. "काहीही झालं तरी."

"घराला आग लागली तर?"

"खुणेनं सांगा."

बाबांनी मान डोलावली. दिलेला शब्द त्यांनी आयुष्यात कधी मोडला नव्हता, ही त्यांची ख्याती होती. ही ख्याती पुढे किती महागात पडणार आहे, याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

मंगळवारी सगळं आलबेल होतं. फक्त दरीकडच्या मोठ्या खिडकीतून ऊन थेट थोरलीच्या तोंडावर येत होतं. मागच्या वेळी साहेब म्हणालेच होते, "तुमच्या जागी मला नुसता उजेड दिसतोय." पडदा लावला तर खोलीत मिट्ट काळोख. मग तिला युक्ती सुचली. खिडकीच्या बाहेर, सज्जात, आईची कपडे वाळत घालायची दोरी होती. थंडीपासून ती रिकामीच होती, कारण थोरली कपडे मागे चुलीपाशी वाळवायची. तिनं कपाटातून आईची जाड पिवळी चादर काढली आणि दोरीवर टाकली. एका कडेनं ऊन तरीही डोकावत होतं, म्हणून शेजारी लाल चादर टाकली. खोलीत कसा सौम्य, शहाण्या माणसाचा उजेड आला. थोरली स्वतःवर खूश झाली. वर ऑफिसचा काळा कोट, खाली फ्लॅनेलचा पायजमा आणि आईचे लोकरीचे मोजे, अशा वेशात ती खुर्चीवर बसली.

"वा," साहेब पडद्यावरून म्हणाले. "आज तुम्हाला चेहरा आहे."

बैठकीचा विषय होता एकाग्रता. साहेबांनी बोलायचं आणि बाकीच्यांनी आपले आवाज बंद ठेवून ऐकायचं, अशी पद्धत होती. थोरलीनं हनुवटी जरा वर घेतली, भुवया किंचित आवळल्या, आणि ऐकायला लागली.

थोड्या वेळानं रोपवेची घंटा वाजली. ही पाळण्याची वेळ नव्हती. थोरलीनं भुवया ढळू दिल्या नाहीत.

स्वयंपाकघराचं दार काचेचं होतं आणि तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात ते दिसत होतं. त्या कोपऱ्यात आधी एक पिशवी आली, आणि पिशवीमागून नर्सबाई आल्या. पलीकडच्या वस्तीतला दवाखाना त्या एकट्या चालवत. दरीच्या दोन्ही बाजूंना कुणाला शिंक आली तरी त्यांना कळायचं. बाबा टेबलाशी बसून जुना रेडिओ खोलत होते.

"काय होतंय?" नर्सबाईंनी विचारलं.

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बोला ना. कुठं दुखतंय?"

बाबांनी ओठांवरचं बोट काढून बाहेरच्या खोलीकडे दाखवलं, मग कानाकडे, मग पुन्हा ओठांकडे.

नर्सबाईंचा चेहरा उतरला. "तुमचं नाव सांगा," त्या हळूच म्हणाल्या. बाबा ओशाळून हसले. नर्सबाईंनी मागे वळून कुणाला तरी सांगितलं, "वाचा गेलीय. तोंडही जरा वाकडं वाटतंय."

तोंड वाकडं नव्हतं. बाबा ओशाळले की तसेच हसायचे.

मागे जनावरांचे डॉक्टर होते. "मला तर शेळीसाठी बोलावलंय असं वाटलं," ते म्हणाले.

"शेळी राहू द्या. नाडी बघता येते ना?"

"येते. पण इतक्या लहान जनावराची सवय नाही."

इकडे साहेब सांगत होते की एकाग्र माणसाच्या शेजारी ढोल वाजला तरी त्याला कळता कामा नये. थोरलीला सगळं कळत होतं. पण उठावं तर नोकरी जाते, आणि नोकरीमागोमाग बाबा अकराव्या मजल्यावर. तिनं मनात हिशेब केला, की बाबा धडधाकट आहेत, माणसं ओळखीची आहेत, चहा पिऊन जातील. तेवढ्यात डोक्यावर छपरावरून काहीतरी घरंगळत गेलं. मग शिडी आपटल्याचा आवाज झाला, आणि कुणीतरी जड पावलांनी चालायला लागलं.

पडद्यावर साहेब बोलता बोलता थांबले. तोंड उघडं, एक बोट वर. साहेबांना मध्येच थांबून परिणाम साधायची सवय होती. थोरली मान ताठ ठेवून परिणामाची वाट बघत राहिली.

स्वयंपाकघरात आता वेताची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा दोन्ही हातांनी नाही नाही म्हणत होते.

"हात हलताहेत," नर्सबाई म्हणाल्या. "म्हणजे अजून उशीर झालेला नाही. धरा तिकडून. पाळणा थांबवून ठेवलाय."

थोरलीला वाटलं, आता तरी बाबा बोलतील. पण बाबा शब्दाचे पक्के.  मग समोर सज्जात पिवळी चादर एका बाजूनं वर झाली आणि तिच्याखालून खुर्चीवर बसलेले बाबा, पुढे डॉक्टर, मागे नर्सबाई, अशी मिरवणूक डावीकडून उजवीकडे गेली. खिडकीसमोर आल्यावर बाबांनी थोरलीकडे बघितलं आणि हात जरासा वर केला, काळजी करू नको, चालू दे तुझं, असा.

आई गेली तेव्हाही तिला पाळण्यापर्यंत असंच नेलं होतं. थोरली तेव्हा बैठकीत होती, खाली शहरात.

"एक मिनिट, साहेब," ती म्हणाली आणि उठली. खुर्ची पडली. साहेबांचं बोट वरच होतं.

कोट, पायजमा आणि लोकरीचे मोजे असा तो अवतार स्टेशनच्या पायऱ्यांवर पोचला, तेव्हा बाबांची खुर्ची पाळण्यात अर्धी चढली होती.

"बाबा, बोला."

बाबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. बारा वाजले नव्हते.

"अहो, बैठक गेली खड्ड्यात. बोला."

"मला काही झालेलं नाही," बाबा एका दमात म्हणाले. "हे दोघं ऐकतच नाहीत. आणि छपरावर सुतार चढलाय, तो चाळणीला हात लावतोय, त्याला आधी उतरवा."

"वाचा आली," नर्सबाई डॉक्टरांना म्हणाल्या. त्यांच्या स्वरात किंचित निराशा होती.

तोवर पाळण्याच्या कोपऱ्यातून पलीकडची मावशी उठली. ही आईची जिवाभावाची मैत्रीण. हिचं घर दरीच्या बरोबर समोर, आणि हातात सदैव दुर्बीण. गुडघ्यांमुळे ती पाळण्यातून उतरली नव्हती, तिथंच बसून सगळ्यांवर हुकूम सोडत होती.

"मग चादरी कुणी लावल्या?" तिनं विचारलं.

"मी. उन्हासाठी."

"उन्हासाठी," मावशी म्हणाली, आणि पुन्हा बसली.

मग उलगडा झाला. आईची आणि मावशीची रीत होती. फोन लागेल तर शपथ, दरी मात्र रोज स्वच्छ दिसायची. दोरीवर पांढरी चादर म्हणजे सगळं ठीक. पिवळी म्हणजे सवड झाली की ये. लाल म्हणजे हातातलं टाकून ये.

"आणि दोन्ही?" थोरलीनं विचारलं.

"दोन्ही कधी लागल्याच नव्हत्या ना. म्हटलं, माणूस असो, जनावर असो, नाहीतर छप्पर असो, सगळ्यांनाच घेऊन जाऊ. तिथं गेल्यावर निवडता येईल."

"मला कधी बोलली नाही ती," बाबा म्हणाले.

"तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही जन्मभर तारेकडे बघितलंत. दोरी बायकांची." मावशीनं दुर्बिणीची काच पदराच्या टोकानं पुसली. "थंडीपासून दोरी रिकामी होती. तरी रोज सकाळी बघत होते. सवय, दुसरं काय. आज एकदम दोन्ही दिसल्या, तर चूलही न विझवता निघाले."

 मग बाबा खुर्चीवरून उठले, मावशीला हात देऊन त्यांनी उतरवलं, आणि सगळी वरात घराकडे परतली.

सुतार छपरावरून उतरत होता. "छप्पर ठणठणीत आहे," तो अभिमानानं म्हणाला. "ती चाळण तेवढी शिडीच्या वाटेत येत होती. जरा वळवली."

चाळण गोठ्याकडे तोंड करून उभी होती. शेळीला जगभरची खबर मिळत असणार.

थोरलीनं पडलेली खुर्ची उभी केली. पडद्यावर साहेब अजूनही बोट वर करून होते. इंटरनेट गेलं होतं, आणि नोकरीही त्याच वाटेनं गेली होती. स्वयंपाकघरात जाऊन तिनं सगळ्यांसाठी चहा टाकला. धाकट्याला काय सांगायचं, ते ती मनात जुळवत होती. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला तरच जिवंत राहणारा तिचा फोन तेवढ्यात वाजला. साहेब होते.

"साहेब, मी सगळं सांगते—"

"काही सांगू नका. मी आजवर पुष्कळ बैठका घेतल्या. पण असं ऐकणारं माणूस मला मिळालं नव्हतं."

थोरलीनं फोन कट्ट्यावर आणखी घट्ट टेकवला.

"बाकीचे नुसते चुळबुळत होते. कुणी पाणी पितंय, कुणी मान खाजवतंय. तुमची पापणीसुद्धा लवली नाही. मध्ये मी मुद्दाम एक विनोद सांगितला. सगळे हसले, तुम्ही हसला नाहीत. शेवटी शंका विचारायला सांगितलं, तुम्हाला एकही शंका नव्हती. डोंगराची हवा मानवलीय तुम्हाला. राहा वर्षभर."

सुतारानं चाळण वळवली त्या घडीला थोरलीचं चित्र साहेबांच्या पडद्यावर जसंच्या तसं गोठलं होतं, हनुवटी वर आणि भुवया आवळलेल्या. त्यापुढचं सगळं, खुर्ची, पायजमा, मोजे, फक्त खिडकीनं बघितलं होतं.

"साहेब, खरं म्हणजे ते चित्र—"

"एकच अट. यापुढेही असंच बसायचं," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

थोरलीनं सगळं सांगितलं. मावशी खो खो हसली. सुतारानं आपलं मोल वाढल्यासारखी मिशी सारखी केली. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या गोठ्यातही अशी लक्ष देऊन ऐकणारी फार असतात. फक्त बाबा हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला.

"तुझी आईपण माझं बोलणं असंच ऐकायची," ते म्हणाले. "मान न हलवता. मी समजायचो, रंगलीय."