बारावी चौकट

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी काटकोनकाकांनी आपलं घर इंटरनेटवर टांगलं, आणि सवयीप्रमाणे दोन पावलं मागे जाऊन ते सरळ टांगलं गेलंय की नाही ते डोळा बारीक करून बघितलं.

"सरळ आहे," ते म्हणाले.

"कॉम्प्युटर आहे तो. तिरका कुठून होणार?" काकू मटार सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

काटकोन हे अर्थात त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. चाळीस वर्षं लोकांच्या फोटोंना फ्रेमा करायच्या, आणि कुणाच्या घरी चहाला गेलं तरी आधी त्यांच्या भिंतीवरच्या तसबिरी न विचारता सरळ करायच्या, म्हटल्यावर माणसाला असलं नाव पडणारच. दुकान घराच्या खालीच. बुधवारी बंद, म्हणजे बंद. बुधवारी कुणी दार वाजवलं तर काका आतून "आज बुधवार आहे" असं सांगत.

दुकानाचे आणखी दोन नियम होते. पहिला, फ्रेम रिकामी बाहेर जायची नाही. कुणी नुसती फ्रेम मागितली तरी काका तिच्यात काहीतरी घालूनच देत, आणि ते काहीतरी म्हणजे त्यांच्या लेकीचा, पुढचे दोन दात पडलेल्या वयातला फोटो. बऱ्याच गिऱ्हाइकांनी तो काढायचा कंटाळा केला. त्यामुळे आसपासच्या निदान तीस घरांत, त्या घराशी काडीचाही संबंध नसलेली ती पोरगी भिंतीवरून बोळकं दाखवत हसत असे. दुसरा नियम दारावर पाटी करून लावला होता : "मोठ्या फ्रेमा घरपोच मिळणार नाहीत. स्वतः येऊन घेऊन जाव्यात." ही पाटी लेकीनेच शाळेत असताना रंगवली होती. जागेचा अंदाज चुकल्यामुळे "घेऊन जाव्यात" एकमेकांना चिकटून उभं होतं, तरी काकांनी पाटी कधी बदलली नाही.

आता ती लेक विमानाने नऊ तासांवर नोकरी करत होती आणि तीन वर्षांत घरी आली नव्हती. दर रविवारी फोन यायचा. "पुढच्या वर्षी नक्की," ती म्हणायची, आणि 'नक्की' हा शब्द ऐकला की काका समजून जायचे. त्यांना लेकीची आठवण यायची. सरळच सांगायचं तर रोज यायची, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की जरा जास्त यायची.

"फोनवर फोटो पाठवा की दोन-चार," काकू म्हणायच्या.

"फोनवरचा फोटो बोटाने ढकलला की गेला. माणूस थांबतो तो चौकटीपुढे."

म्हणून काका वाचनालयातल्या ज्येष्ठांच्या कॉम्प्युटर वर्गाला जाऊन बसले. बाकीची मंडळी विजेचं बिल भरायला शिकली आणि पांगली. काका सहा आठवडे शिकवणाऱ्या बाईंच्या मागे लागून वेबपेज करायला शिकले. पानावर घराचे बारा फोटो, प्रत्येकाला तपकिरी चौकट, आत सोनेरी रेघ, दोन चौकटींत अगदी सारखं अंतर आणि खाली एकेक ओळ. काकांचा बेत साधा होता. लेक घर बघणार, तिच्या पोटात तुटणार, आणि ती तिकीट काढणार.

पान लोकांना दिसायचं तर ते एखाद्या होस्टिंग सेवेकडे ठेवावं लागतं, हे बाईंनी सांगितलं होतं. काकांनी फुकट जागा देणारी एक सेवा शोधली. "फाइल इथे ओढून आणा" असं लिहिलेला एक चौकोन होता, त्यात त्यांनी आपलं पान ओढून टाकलं. "अभिनंदन, आपलं पान प्रकाशित झालं," असं म्हणून सेवेने वीतभर लांबीचा एक पत्ता दिला. तो काकांनी एका बोटाने टाइप करून लेकीला पाठवला, कागदावर उतरवून कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवला आणि हात झटकले. त्यांना स्वतःला तो पत्ता लागणारच नव्हता. पान कॉम्प्युटरवर समोरच होतं, दोनदा टिचकी मारली की उघडायचं.

तासाभरात लेकीचा फोन आला.

"बाबा, बघितलं. खूप छान केलंय तुम्ही."

"चौकटी बघितल्यास?"

"चौकटी तर फारच सुंदर."

"आणि आईचा फोटो? चौथा?"

"आई काय मस्त आलीय, बाबा. चेहऱ्यावर तेज आलंय तिच्या."

काकांनी समोरचा चौथा फोटो पुन्हा बघितला. चौथ्या चौकटीखाली "आई. फोटो काढू देत नव्हती" एवढंच लिहिलेलं होतं, आणि फोटोत काकूंनी तोंडासमोर पातेल्याचं झाकण धरलेलं होतं. दिसत होतं ते झाकण आणि दोन कान. तेज म्हणायचं तर झाकणालाच होतं.

"तिने उघडलंच नाही," फोन ठेवल्यावर काका म्हणाले.

"कामात असेल. वाईट वाटू नये म्हणून बोलली असेल."

"मग वाईट वाटलंच की."

आठवडाभर काकांनी दुकानात काच कापताना दोनदा माप चुकवलं, जे चाळीस वर्षांत घडलं नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांनी लेकीची तोंडी परीक्षाच घेतली.

"सातव्या फोटोत काय आहे?"

"दुकान."

"दुकानात कोण आहे?"

"तुम्ही?"

"मांजर आहे. काउंटरवर. एवढं मोठं."

शेवटी ती म्हणाली, "बाबा, खरं सांगू? मला फोटो दिसतच नाहीत. नुसत्या चौकटी दिसतात, रिकाम्या, आणि खाली तुमच्या ओळी."

"रिकाम्या? माझ्या चौकटी?" दुसरा कुणी असं बोलला असता तर काकांनी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती. "आणि हे आज सांगतेस?"

"तुम्ही इतक्या हौसेने केलं होतंत. म्हटलं, कशाला हिरमोड करायचा."

"इथे तर लख्ख दिसतात. बाराच्या बारा."

"मग माझंच काहीतरी बिघडलं असेल," लेक म्हणाली, आणि तिचा आवाज असा पडला की काकांना फोन ठेवावासा वाटेना. तरी त्यांनी ठेवला, कारण रागावलेल्या माणसाने फोन ठेवायचा असतो.

आता प्रश्न इज्जतीचा झाला. काकांनी साक्षीदार म्हणून शेजारच्या निवृत्त पोस्टमनला बोलावलं. पोस्टमनने चष्मा पुसला, खुर्ची ओढली. काकांनी टिचकी मारून पान उघडलं.

"काय दिसतंय?"

"जिना दिसतोय. मांजर. हे झाकणामागे कोण, वहिनी का?"

"रिकामी चौकट दिसते का एखादी?"

"एकही नाही. सगळं ठासून भरलंय."

काकूंनाही त्याच खुर्चीत बसवून त्यांची साक्ष झाली. मग काकांनी होस्टिंग सेवेच्या मदतकेंद्राला फोन लावला. पंचवीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक बाई मिळाल्या. काकांनी पत्ता एकेक अक्षर वाचून दाखवला.

"सर, तुमचं पान उघडतंय. आमच्याकडून काही अडचण नाही."

"फोटो दिसतात?"

"फोटो नाही दिसत, सर. ते तुमच्या बाजूने बघावं लागेल."

"माझ्या बाजूने सगळे दिसतात."

"मग छानच आहे, सर. आणखी काही मदत करू का?"

काकांनी फोन ठेवला. ज्याला त्याला आपल्या बाजूचं दिसतं, ही गोष्ट त्यांना नवी नव्हती, पण ती बासरी ऐकून पुन्हा शिकायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा दोघंही हवापाण्यावर बोलले. पानाचा विषय तिनेही काढला नाही, यांनीही काढला नाही. पुढच्या वर्षाचाही निघाला नाही.

"तुम्हीच ताणताय," काकू म्हणाल्या.

"मी कुठे ताणतोय? मी तिला घर दाखवलं. तिने रिकामं आहे म्हणून सांगितलं." एवढं बोलून काका खिडकीशी जाऊन उभे राहिले. आपण काय बोललो ते त्यांनाच नंतर ऐकू आलं, आणि काकूंनी मटाराची परात उगाचच इकडची तिकडे केली.

त्या संध्याकाळी पोस्टमन मांजराचा फोटो पुन्हा बघायला म्हणून आला. त्याला ते मांजर आवडलं होतं. काकांनी मुकाट्याने पान उघडून दिलं. पण चौतीस वर्षं ज्याने पाकिटं वाटली तो माणूस आधी मजकूर बघेल का? त्याची नजर गेली पत्त्यावर. त्याने पानाच्या वरची ओळ वाचली. मग कडेला चिकटवलेला कागद वाचला. मग पुन्हा वरची ओळ.

"अरे काटकोन, हे दोन पत्ते वेगळे आहेत."

"असतील. कॉम्प्युटरचं काहीतरी असतं ते."

"काहीतरी कसं? कागदावर त्या सेवेचं नाव आहे. इथे वर तुझ्याच डिस्कचं नाव, तुझ्याच फोल्डरचं. हे पत्र पोस्टात पडलेलंच नाही. तू घरातल्या घरात उघडून वाचतोयस."

काकांनी पहिल्यांदाच तो वीतभर पत्ता पानाच्या वरच्या ओळीत टाइप केला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा पान उघडलं. तपकिरी चौकट, आत सोनेरी रेघ, नेमकं अंतर, आणि आत काही नाही. बाराच्या बारा रिकाम्या. खाली ओळी मात्र होत्या. 'जिना. सहावी पायरी अजून वाजते.' 'आई. फोटो काढू देत नव्हती.' 'खिडकी. इथून तू शाळेतून येताना दिसायचीस.'

"पाकीट गेलं, आतला ऐवज घरीच राहिला," पोस्टमन म्हणाला. "फोटोंचा फोल्डर कुठाय तुझा?"

फोल्डर जागच्या जागी होता. पान पाठवलं की पानावरचं सगळं आपोआप जाईल असं काकांनी धरलं होतं. दुकानात तसंच व्हायचं, फ्रेम उचलली की फोटो बरोबर जायचा.

चाळीस वर्षांत एक चौकट रिकामी गेली नव्हती, आणि गेल्या त्या एकदम बारा, आणि त्याही कुणाला. फोल्डर पाठवायला म्हणून त्यांनी सेवेचं खातं उघडलं. तिथे पानाच्या नावापुढे एक आकडा होता : 'आजवर पाहिले गेले : ६४ वेळा.' पोस्टमनने मोजणीला सुरुवात केली, सवयच ती.

"एक आत्ताचं आपलं. एक त्या मदतकेंद्रवाल्या बाईंचं. तू किती वेळा बघितलंस?"

"मी घरातल्या घरात."

"मीही इथेच. वहिनी?"

"मीही याच खुर्चीत," काकू म्हणाल्या.

"मग हे बासष्ट कुणाचे? पत्ता आणखी कुणाला दिला होतास?"

उत्तर तिघांनाही माहीत होतं. पत्ता एकाच व्यक्तीला दिला होता. दोन आठवडे झाले होते. म्हणजे दिवसातून चार-चारदा ती पोरगी नऊ तासांवरून बारा रिकाम्या चौकटी उघडून बसत होती, आणि इकडे तिचा बाप तिने घर नीट बघितलंच नाही म्हणून रुसला होता. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पोस्टमनला एकाएकी घरी काहीतरी काम आठवलं.

मग काकांनी चष्मा लावला आणि फोल्डर चौकोनाकडे ओढायला घेतला.

"थांबा," काकू म्हणाल्या. "अकरा पाठवा. बारावा राहू दे."

बारावा फोटो लेकीच्या खोलीचा होता. खाली ओळ होती, 'तुझी खोली. जशीच्या तशी.' ही ओळ धादांत खोटी होती. खोलीत दोन वर्षांपासून फ्रेमांच्या पट्ट्या रचलेल्या होत्या, फक्त पलंगाचा कोपरा मोकळा करून काकांनी फोटो काढला होता.

"चौकट रिकामी जाईल," काका म्हणाले.

"जाऊ दे की एक."

काकांनी काकूंकडे बघितलं, मग खालच्या दुकानाकडे जाणाऱ्या जिन्याकडे बघितलं, आणि अकरा फोटो पाठवले.

पुढच्या रविवारी फोन नेहमीपेक्षा दोन तास आधी वाजला.

"बाबा, दिसले. आई, ते झाकण काय आहे?" ती हसत होती, आणि हसता हसता नाक ओढत होती.

"तू रिकाम्या चौकटी कशाला बघत होतीस गं बासष्ट वेळा?" काकांनी विचारलं. रागावून विचारायचं ठरलं होतं, पण ते तसं निघालं नाही.

"खाली लिहिलंय ना तुम्ही, सहावी पायरी वाजते म्हणून. वाचलं की वाजायची." तिने नाक पुसलं. "पण बाबा, बारावा अजून दिसत नाही. माझी खोली."

"तो मोठा आहे."

"मग लहान करून पाठवा. होतं हल्ली तसं."

"होत असेल. आपल्याकडे मोठ्या फ्रेमा घरपोच मिळत नाहीत. पाटी वाचली नाहीस का?"

"पाटी मीच रंगवलीय, बाबा."

"मग काय लिहिलंय तिच्यावर?"

काकू जवळ येऊन उभ्या राहिल्या. काकांना 'पुढच्या वर्षी नक्की' ऐकू येणार असं वाटलं आणि त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"बाबा," लेक म्हणाली, "येत्या सतरा तारखेला दुकान उघडं असेल?"

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नीट बघितलं.

"सतराला बुधवार आहे," ते म्हणाले. "बुधवारी बंद असतं."

काकूंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. "उघडं असेल," त्या म्हणाल्या. "ते आत्ताच पट्ट्या खाली न्यायला उठतायत."

आणि काका खरोखरच उठले होते.