जळकोटची पहिली एफएनयू

व्हिसा लागलेला पासपोर्ट घरी आला, तेव्हा श्रीपती कंडक्टरांनी तो आधी दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला. अठ्ठावीस वर्षं एसटीत पास आणि सवलतीची कार्डं तपासलेला माणूस. छापलेल्या कुठल्याही कागदावर त्यांचा एकदम विश्वास बसत नसे. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी व्हिसाचं पान डोळ्यांजवळ नेलं आणि अक्षर न अक्षर वाचून काढलं. मग लेकीला विचारलं,

"क्षमा, नावाच्या जागी ही तीन अक्षरं कशाची गं? एफ, एन, यू?"

क्षमाला ती अक्षरं मुंबईहून पासपोर्ट घेऊन परततानाच दिसली होती आणि मोबाइलवर शोधून त्यांचा अर्थही कळला होता. फर्स्ट नेम अननोन. म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. तिच्या पासपोर्टवर आडनावाची चौकट कोरी होती. अमेरिकेला कोरी चौकट चालत नाही. म्हणून त्यांनी 'क्षमा श्रीपती' हे अख्खं नाव उचलून आडनावाच्या जागी ठेवलं होतं, आणि नावाची जागा मोकळी झाल्यावर तिथं आपलं अज्ञान प्रामाणिकपणे नोंदवलं होतं.

चौकट कोरी होती ती श्रीपतींमुळं. नोकरीला लागल्यावर जो भेटेल तो त्यांना आधी आडनाव विचारायचा. ते ऐकलं की विचारणारा एक तर गप्प व्हायचा, नाहीतर गरजेपेक्षा जास्त गोड बोलायला लागायचा. श्रीपतींना दोन्हींचा सारखाच कंटाळा आला. लेकीला शाळेत घालताना बाईंनी आडनाव विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "होतं. सोडलं." बाईंनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि 'क्षमा श्रीपती' एवढंच लिहिलं. तेच पुढं दहावीला, पदवीला आणि पासपोर्टला लागलं.

आता त्याच बापाला, तुम्ही हौसेनं ठेवलेलं नाव अमेरिकेला माहीत नाही, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? क्षमा म्हणाली,

"तिकडचं असतंय काहीतरी, आप्पा. सगळ्यांना नाही देत."

या वाक्यात एक शब्दही खोटा नव्हता. घोळ तिथूनच सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी श्रीपतींची ड्युटी उमरगा–तुळजापूर गाडीवर होती. उमरग्याला त्यांनी ओळखीच्या एका प्रवाशाला सांगितलं की पोरगी पाण्याच्या नियोजनाचं शिकायला कॅन्ससला चालली, आणि व्हिसावर तिला एफएनयू लावून आलंय, सगळ्यांना ते देत नाहीत. येणेगूरला बातमी मागच्या बाकापर्यंत पोचली. नळदुर्गाला ती एक पदवी झाली. तुळजापूरला गाडी लागेपर्यंत ती पदवी थेट अमेरिकेच्या सरकारनं दिली होती. परतीच्या फेरीत एका अनोळखी माणसानं खुद्द श्रीपतींनाच ऐकवलं, की जळकोटच्या एका मुलीला अमेरिकेत असा मान मिळालाय, जो महाराष्ट्रात आजवर फक्त तिघांना मिळाला. श्रीपतींनी त्याला तिकीट दिलं आणि मान डोलावली. हे त्यांनाही नवीन होतं. पण आपण सांगितलेल्यापेक्षा जास्त कळलं म्हटल्यावर, बातमी खरी असणार असं त्यांना वाटलं.

तिसऱ्या दिवशी हायवेवरच्या थांब्याजवळ फ्लेक्स लागला. 'जळकोटची शान, एफ.एन.यू. कु. क्षमा श्रीपती यांचा भव्य नागरी सत्कार.' खाली शुभेच्छुकांचे अकरा फोटो, आणि त्यात सगळ्यांत मोठा फोटो फ्लेक्स छापणाऱ्या रणधीरचा. क्षमा त्याच्याकडं गेली आणि ती तीन अक्षरं तेवढी झाकून टाक म्हणाली. रणधीर भारावून गेला. इतक्या वर्षांत फ्लेक्सवरची पदवी कमी करा म्हणणारं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं दुसरा फ्लेक्स छापला आणि त्यात 'विनम्र' हा शब्द वाढवला.

चांगुणाबाईंना, म्हणजे क्षमाच्या आईला, लेकीचा चेहरा पाहून शंका आली होती. पण त्यांनी ती बॅगेवर काढली. शेंगाची चटणी आत ठेवायच्या, वजन करायच्या, बाहेर काढायच्या आणि क्षमाकडं बघायच्या. क्षमा बोलत नव्हती. सत्काराआधी आप्पांना सांगायचं, हे तिनं रोज सकाळी ठरवलं आणि रोज आप्पा गणवेशाला इस्त्री करताना गुणगुणत होते म्हणून पुढं ढकललं.

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी दारात पांढरी जीप थांबली. उमरग्याचे बी-बियाणांचे मोठे व्यापारी शरणप्पा त्यातून उतरले, आणि मागून त्यांचा मुलगा श्रीनाथ. शरणप्पांचं आडनाव दुकानावर, जीपवर, बंगल्यावर आणि बंगल्यातल्या पाण्याच्या टाकीवरही होतं. ते इथं लिहीत नाही, कारण पुढं त्यांनीच त्याची वासलात लावली. श्रीनाथही ऑगस्टमध्येच अमेरिकेला शिकायला निघाला होता. क्षमापेक्षा मोठ्या विद्यापीठात, मोठी फी भरून. पण त्याच्या व्हिसावर एफएनयू नव्हतं, आणि उमरग्यातले चार लोक भेटले की तेच विचारत होते.

चहा झाला. शरणप्पांनी दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि हळूच म्हणाले,

"श्रीपतराव, राग मानू नका. ह्ये तुमच्या लोकांना सवलतीत मिळतंय का?"

श्रीपतींनी कपबशी खाली ठेवली. श्रीनाथनं मान खाली घातली. क्षमाच्या मनात आठ दिवस जे अडकलं होतं, ते त्या एका वाक्यानं सुटलं. तिनं आवाज न चढवता सांगितलं,

"काका, ती पदवी नाही. फर्स्ट नेम अननोन. पहिलं नाव माहीत नाही, असा अर्थ आहे. माझ्या पासपोर्टवर आडनाव नाही, म्हणून."

"म्या तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ह्यांना," श्रीनाथ पुटपुटला.

शरणप्पा आळीपाळीनं दोघांकडं बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर, भाव उतरायच्या आधी माल विकून मोकळ्या झालेल्या व्यापाऱ्याचं समाधान पसरलं. त्यांना एवढंच कळलं होतं की आडनाव नसलं की एफएनयू मिळतं. बाकीचं त्यांना पोरीचा धूर्तपणा वाटला. एवढा मोठा मान मिळाल्यावर त्याची खरी वाट कोण कुणाला दाखवतं? ते आभार मानून उठले आणि जीप निघून गेली.

क्षमा आप्पांसमोर बसली. तिला वाटलं होतं ते रागावतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच बोलणार नाहीत. श्रीपतींनी पासपोर्ट पुन्हा उघडला.

"म्हणजे आडनावाच्या जागी काय लिवलंय त्यांनी?"

"क्षमा श्रीपती."

"तुझं आन् माझं?"

"व्हय."

श्रीपतींनी त्या दोन नावांवरून बोट फिरवलं. "मंग बरोबरच हाय की," ते म्हणाले. "आडनाव विचारलं तर हेच सांगायचं. नाव त्यांना न्हाय माहीत, तर ते तू तिथं गेल्यावर सांग." चांगुणाबाईंनी एवढं ऐकलं आणि बॅगेतून तिसऱ्यांदा काढलेली चटणी कायमची आत ठेवून चेन लावली.

दुसऱ्या दिवशी सत्कारात श्रीपतींनी स्वतः माइक हातात घेतला आणि सगळ्या गावाला एफएनयूचा अर्थ सांगून टाकला. पदवी नाही, मान नाही, अमेरिकेला माझ्या पोरीचं नाव वाचता आलं नाही, एवढंच. मग पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं आणि सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. कंडक्टरांना एवढं विनोदी बोलता येतं, हे गावाला माहीत नव्हतं. रणधीरनं आभाराच्या भाषणात सांगितलं, की बापच असा असेल तर लेक एफएनयू होणारच.

पुढच्या आठवड्यात श्रीनाथचा क्षमाला फोन आला. त्याच्या वडिलांनी त्याचं आडनाव काढायचं ठरवलं होतं. वर्तमानपत्रात जाहिरात, मग नवा पासपोर्ट, नवे कागद, पुन्हा व्हिसाची मुलाखत. ऑगस्ट हुकणार आणि शिक्षण जानेवारीवर जाणार, हे त्यानं घरी कॅलेंडर दाखवून समजावलं होतं. शरणप्पांचं म्हणणं, उशीर झाला तर चालेल, कमीपणा चालणार नाही. क्षमा म्हणाली, मी बोलून बघते. श्रीनाथ म्हणाला, नको, तू बोललीस तर त्यांची खात्रीच पटेल.

क्षमाचं विमान मंगळवारी होतं. सोमवारी सकाळी शरणप्पा पुन्हा जळकोटला आले, या वेळी जीप आणि श्रीनाथला थांब्यावर ठेवून, पायी. त्यांच्या हातात फाइल होती. उमरग्याच्या वकिलानं प्रतिज्ञापत्र तयार केलं होतं, पण आडनावाशिवाय माणसाचं सगळं रीतसर चालतं, हे सांगणारा एक साक्षीदार हवा होता. शरणप्पांनी दोन दिवस अख्ख्या तालुक्यात शोध घेतला होता.

"तुमच्याबिगर माणूस सापडंना," ते म्हणाले.

श्रीपतींनी त्यांना समोर बसवून पुन्हा एकदा सगळं खरं सांगितलं. शरणप्पांनी ते आदरानं ऐकून घेतलं, आणि मग कागद कुठले लागतात, रेशन कार्डावर काय लिहितात, बँकवाले अडवतात का, असं एकेक विचारत गेले. श्रीपतींनीही हातचं काही न राखता सगळं सांगितलं. या विषयातला अनुभव तालुक्यात त्यांच्याइतका कुणालाच नव्हता, आणि तो कुणी मागायला येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. मग दोघं जीपमध्ये बसून उमरग्याला गेले. क्षमालाही डॉलर घ्यायला जायचं होतं, म्हणून ती मागं श्रीनाथशेजारी बसली.

वकिलाच्या टेबलावर प्रतिज्ञापत्र ठेवलं गेलं. 'श्रीनाथ शरणप्पा यास आडनाव नसून यापुढेही राहणार नाही.' शरणप्पांनी ठसठशीत सही केली आणि सवयीनं पुढं आडनाव लिहिलं. ते खोडून, शेजारी पुन्हा सही करावी लागली. मग वकिलानं साक्षीदाराचा रकाना पुढं ओढला, श्रीपतींकडं नीट बघून घेतलं आणि विचारलं,

"आपलं आडनाव काय?"

श्रीपती तोंड उघडणार, तोवर शरणप्पाच कडाडले.

"त्यांना लागत न्हाय हो. आता आमालाबी लागत न्हाय. तुमी लिवा गुमान."