माकडाविरुद्ध चाळीस मतं

"चाळीस माणसं," जान्हवी मॅडम पुण्याहून लॅपटॉपच्या पडद्यावर म्हणाल्या. "ज्यांनी आयुष्यात कधी गेम खेळलेला नाही, अशी चाळीस माणसं. त्यांची प्रामाणिक मतं मला पुढच्या सोमवारपर्यंत हवीत. जमलं, तर तू गावात राहून खुशाल काम कर. नाही जमलं, तर एक तारखेपासून ऑफिसात हजर."

यतीन परब "हो मॅडम" म्हणाला आणि त्याने लॅपटॉप मिटला. गेली तीन वर्षं तो मालवणजवळच्या आपल्या घरी, माडीवर बसून या गेम कंपनीचं काम करत होता. सकाळी आईच्या हातचे घावणे, दुपारी बांगड्याचं तिखलं, संध्याकाळी किनाऱ्यावर फेरी. त्याआधी दोन वर्षं त्याने पुण्यात काढली होती. चौघांत एक खोली, आठवड्यातून चार दिवस टाकीत पाणी नाही, आणि डब्यात रोज बटाटा. परत जायची नुसती कल्पनाही त्याला नको होती.

गेमचं नाव ‘रूपझुंज’. त्यात आठ योद्धे. दोघांनी समोरासमोर उभं राहून हाणामारी करायची, आणि अंगात पुरेसा जोर चढला की माणसाचं जनावर व्हायचं. कुणाचा वाघ, कुणाचा गवा, कुणाची घोरपड, कुणाचा खेकडा. आपला योद्धा आपण निवडायचा आणि समोर कोण हवा तेही आपणच सांगायचं, त्याला कॉम्प्युटर खेळवणार. खेळणाऱ्यांची मतं आणि हारजितीचे आकडे पुण्याला गेले, की कोणाला थोडं बळ द्यायचं आणि कोणाचं काढून घ्यायचं, हे तिथे ठरणार होतं.

यतीनने पडवीत टीव्ही मांडला आणि पहिला प्रयत्न आईवर करून पाहिला.

"माका येळ नाय," चंद्रावती म्हणाली. "तांदूळ निवडूचे आसत. असल्यो मारामाऱ्यो बघूक मी काय रिकामी बसलंय?"

मग भिकाजीकाका आले. चाळीस वर्षं दशावतारात राक्षसांचे राजे करून निवृत्त झालेला हा माणूस. त्यांनी वाघ घेतला, पाच मिनिटं खेळले आणि रिमोट खाली ठेवला.

"खेळ बरो आसा. पण वाघ होवच्या आधी एक पद होवक व्हया. पेटी नाय, पखवाज नाय, उगाच उठान कोण वाघ होता रे?"

"काका, ता सगळा झटपट होवचा लागता."

"मगे लढाईआधी संवाद तरी घाल. ‘कोण रे तू?’ म्हणान इचारूक नको? वळख नाय, पाळख नाय, नि थेट लाथ?"

यतीनने ते मत इमानेइतबारे लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मासे विकायला आलेल्या सावित्रीने पायरीवर पाटी उतरवली आणि खेकडा निवडला.

"ही कुर्ली भरलेली नाय," पहिल्याच फेरीत तिने निकाल दिला. "आतून पोकळ. नांगी बघ कशी हलता ती. असली मी गिऱ्हायकाक देवचंय नाय."

शेजारची हौसाबाई ऐंशीच्या पुढची. ती काठीवर हनुवटी टेकून तासभर नुसती बघत बसली आणि शेवटी म्हणाली, "माणसाचो वाघ झालो, ता माका समाजला. पण वाघ झाल्यार तो परत माणूस कित्याक झालो? काय कमी पडला तेका?" यतीनने तोही प्रश्न पुण्यासाठी लिहून घेतला.

तीन दिवसांत तीन मतं. बाकी वाडीतली माणसं येत होती, चहा पीत होती, आणि रिमोटला हात न लावता "बरा आसा" म्हणून जात होती. बुधवारी रात्रीचं जेवणही यतीनला गोड लागलं नाही.

गुरुवारी दुपारी त्याचे वडील, गुरुदास, काजूच्या बागेतून परतले. तोंड उतरलेलं, हातात रिकामी गलोल. सकाळी माकडांची टोळी बागेत उतरली होती. अर्धवट चावलेल्या बोंडांचा झाडाखाली सडा पडला होता. गुरुदासांनी फटाके लावले, तर माकडांनी फांदीवर बसून ते शांतपणे ऐकून घेतले. माकडाला इजा करायची नाही असा कायदा, आणि कायदा नसता तरी मारुतीची भीती. वन खात्याला अकरा अर्ज करून झाले होते. त्यामुळे गुरुदासांचा सगळा राग वर्षानुवर्षं आतल्या आत शिजत होता.

ते पाणी पीत पडवीत टेकले. समोर टीव्हीवर आठ योद्धे ओळीने उभे होते.

"ह्यो शेवटचो कोण?"

"तेचा माकड होता, बाबा."

"तेका मारूक गावता?"

"मारूकच व्हया. खेळच तो."

गुरुदासांनी तांब्या खाली ठेवला. त्यांनी स्वतःसाठी गवा घेतला आणि समोर माकड मागून घेतलं. चंद्रावतीने जेवायला तीनदा हाक मारली, ती त्यांच्या कानावर गेली नाही. बारा फेऱ्या झाल्या, बाराही वेळा माकड आडवं झालं. ते उठले तेव्हा त्यांच्या तोंडावर तेज आलं होतं.

"बऱ्याच वर्सांनी जीवाक गार वाटला," ते म्हणाले आणि जेवणात भात दोनदा मागून घेतला.

ही बातमी वाडीत पसरायला संध्याकाळही लागली नाही. शुक्रवारी सकाळी यतीनने दार उघडलं, तर अंगणात चपलांची रांग. प्रत्येकाचा माकडाशी जुना हिशेब होता. कोणाचे काजू, कोणाची पपई, कोणाच्या घरावरची कौलं. "पण मारुतीचा काय?" अशी शंका एकाने काढली, तेव्हा हौसाबाईने ती तिथल्या तिथे मोडीत काढली. "मारुती मारुतीच्या देवळात. ह्यो काजूचोर. दी तो रिमोट हडे." तिचा वाघ त्या दिवशी परत माणूस झाला, तरी तिने तक्रार केली नाही.

भिकाजीकाकांनी तर आपली उणीव आपणच भरून काढली. उभे राहून, छाती काढून ते आधी टीव्हीवर कडाडायचे, "अरे मर्कटा! माझ्या परसातील फणस भक्षण करून तू कोठे पलायन करतोस? थांब!" आणि मगच लाथ घालायचे. सावित्रीला त्या पोकळ खेकड्यातही आता जीव दिसू लागला.

"काका, एकदा घोरपडीवांगडा लढान बघा," यतीन अजीजीने म्हणायचा. "आठय जणांवर मत व्हया माका."

"घोरपडीन माझा काय वाकडा केल्यान?" हेच उत्तर प्रत्येकाकडून यायचं.

शनिवारी चाळीस फॉर्म पूर्ण झाले. यतीन माडीवर जाऊन आकडे बघायला बसला. गुरुवारपासूनच्या लढती सहाशे बारा. प्रतिस्पर्धी: माकड. सहाशे बारा वेळा माकड, आणि सहाशे बारा वेळा हरलेलं. ‘हाच प्रतिस्पर्धी का निवडला?’ या रकान्यात बहुतेकांनी एकच शब्द लिहिला होता: ‘काजू.’

खरं सांगायचं तर हे आकडे गेमबद्दल काहीच सांगत नव्हते, ते काजूच्या बागेबद्दल सांगत होते. पण तसं कळवलं असतं, तर मॅडमनी सगळी मतं बाद केली असती आणि एक तारखेला बटाट्याचा डबा पुढ्यात आला असता. कारणाचा रकाना काढून टाकला, तर मात्र तक्ता बघायला फार सुंदर दिसत होता. यतीनने तो रकाना काढला, देवाचं नाव घेतलं आणि अहवाल पाठवून दिला.

पुढच्या गुरुवारी गेमची नवी आवृत्ती आपोआप टीव्हीवर उतरली. गुरुदास कामासाठी कणकवलीला गेले होते, यतीन माडीवर होता, त्यामुळे बभ्रा झाला नाही. शुक्रवारी दुपारी मात्र पडवीतून हाक आली.

"यतीन! खाली ये! बिघाडला ह्या!"

यतीन धावत आला. पडद्यावर माकडाने गव्याला शेपटीला धरून गरगरा फिरवलं आणि भिरकावून दिलं. गुरुदासांनी दात ओठ खाऊन पुन्हा सुरुवात केली. माकडाने पुन्हा भिरकावलं, आणि या वेळी पडलेल्या गव्यावर बसून सावकाश एक केळं सोललं.

"माझ्या समोर बसान केळा खाता मेलो!" गुरुदास ओरडले.

तासाभरात अर्धी वाडी येऊन हरून बसली. हौसाबाईचा वाघ चार सेकंदांत गार पडला. भिकाजीकाकांच्या "अरे मर्कटा"मधलं "टा" तोंडातच राहिलं.

"बोलूक पण देणा नाय!" ते हताश होऊन खाली बसले. "राक्षसय संवाद पुरो होयसर थांबता रे!"

गुरुदास उठले, आत जाऊन धुतलेला शर्ट घालून आले, आणि वरपर्यंत गुंड्या लावून पडवीत आणवलेल्या लॅपटॉपपुढे बसले. "लाव तुझ्या मॅडमाक."

यतीनने भीत भीत कॉल लावला. मॅडम दिसताच गुरुदासांनी हात जोडले आणि अकरा अर्जांची सवय असलेल्या तोंडाने शुद्ध मराठी सुरू केली. "नमस्कार, मॅडम. आपणांस कळविण्यात येते की, आपल्या खेळातील माकड या प्राण्याचा उपद्रव अतोनात वाढलेला आहे. तरी सदर माकडाचा त्वरित बंदोबस्त व्हावा, ही नम्र विनंती."

"अहो काका, पण ते तुमच्यामुळेच झालं!" मॅडम आनंदाने म्हणाल्या. "सहाशे बारा लढती आणि माकड एकदाही जिंकलं नाही! इतकं दुबळं पात्र आम्ही बनवलं, याची आम्हालाच लाज वाटली. म्हणून त्याची ताकद तिप्पट केली."

"परंतु आम्ही कारण लेखी दिलेले होते."

"कारण? अहवालात कारणाचा रकानाच नव्हता."

पडवीतली सगळी तोंडं यतीनकडे वळली. तेवढ्यात मॅडम पुढे म्हणाल्या, "आणि यतीन, वरच्या लोकांना तुझं काम फार आवडलंय. असे खेळाडू पुण्यात कुठे मिळणार? तू आता कायमचा तिथेच राहा. पत्र पाठवते." कॉल संपला.

ज्या वाक्यासाठी यतीनने इतके दिवस जीव टांगणीला लावला होता, ते वाक्य सर्वांदेखत बोललं गेलं, आणि पडवीत एकाही माणसाने टाळी वाजवली नाही. मग त्याने खाली मान घालून रकान्याची हकीकत सांगितली.

"म्हणजे मारूक गावना नाय, तेवा माकडां मातली," भिकाजीकाका हळूहळू म्हणाले, "नि मारूक गावला, तर तेंका आणखी बळ गेला."

गुरुदासांनी खाकरून घसा साफ केला. "कारण कागदार जाणा नाय, तर माणसान जावन सांगूचा. फाल्या सकाळच्या गाडयेन पुण्याक जा. थय ऑफिसात बस, नि तेचा बळ काढून घे. निघना नाय तवसर येव नको."

"पण बाबा, मॅडमान सांगल्यान, मी हयच रवाचा!"

"ता मॅडमाचा मत," गुरुदास म्हणाले. "आमचा मत येगळा आसा."

पडवीतले हात एकामागून एक वर झाले. मुलगा घरी राहिल्यापासून गुरुदासांना घर भरल्यासारखं वाटत होतं. हे त्यांनी कधी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, आताही दाखवलं नाही. डोळे मात्र ओले झाले. पण त्याच डोळ्यांसमोर माकड पुन्हा केळं सोलत होतं, आणि ते त्यांना बघवत नव्हतं. त्यांनीही हात वर केला.

यतीनला आता एकच आधार उरला होता. "आये, तू तरी सांग तेंका. तू एकदाय खेळूक नायस. तुझाच मत खरा."

चंद्रावती स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. "तू घरात नसलंस, तर माका घास गोड लागणा नाय रे झिला," ती म्हणाली, आणि यतीनचा जीव भांड्यात पडला. "पण काल खाली कोण नव्हता, म्हणान मी जरा लावन बघलंय. धा वेळा हरलंय."

बोलता बोलता तिने दाराआडची बॅग पायाने पुढे सरकवली. कपडे भरून चेन लावलेली होती, आणि वर लाडवांचे दोन डबे सुतळीने बांधलेले होते.

"एक तुझो, एक मॅडमाचो," ती म्हणाली. "आधी लाडू दी. दोन खाल्ल्यान, का मगे माकडाचो इषय काढ."