तुलनेसाठी राखीव

सप्टेंबरच्या सात तारखेला पळसतांड्यासाठी एक पत्र आलं. पुढची तीन वर्षं या तांड्यात आरोग्याच्या बाबतीत काहीही केलं जाणार नाही, असं त्यात स्पष्ट शब्दांत कळवलं होतं. तांडा वाशिम जिल्ह्यात आहे. तालुक्याचं नाव सांगायला आमच्या नीतिसमितीची परवानगी नाही. आता पळसतांड्यात याआधीही काही होत नव्हतंच. पण ते बिनापत्राचं होत नव्हतं. त्यावर कुणाची सही नव्हती, शिक्का नव्हता आणि परदेशी निधी तर नव्हताच नव्हता. त्यामुळे पत्र घेऊन जाताना मला अभिमान वाटत होता, आणि तो का वाटू नये?

मी संघपाल. आरोग्य केंद्रात अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर संगणकात आकडे भरायचो. एके दिवशी एका परदेशी संस्थेचा मेल आला, की जागतिक आरोग्यासाठी नवे संशोधक घडवायचे आहेत. अर्जदार मागास भागातला हवा, स्थानिक बोली बोलणारा हवा आणि उपेक्षित समाजातला असल्यास उत्तम. या तिन्ही गोष्टी मला नोकरीत आजवर आडव्या आल्या होत्या, इथे त्यांचे गुण मिळाले. माझी निवड झाल्यावर केंद्रातल्या लोकांना पोटशूळ उठला. ज्यांना जळायचं त्यांनी खुशाल जळावं.

प्रशिक्षण नऊ दिवसांचं होतं, बँकॉकच्या हॉटेलात. पहिला दिवस ओळखीत गेला, दुसरा एकमेकांवर विश्वास ठेवण्यात. तिसऱ्या दिवशी मुख्य सूत्र शिकवलं : संशोधक मधे पडला की निष्कर्ष बिघडतो. सहाव्या दिवशी, न सांगता, परीक्षा झाली. आम्ही जेवायला निघालो असताना हॉटेलच्या दारात एका म्हातारीची पिशवी फाटली आणि कांदे घरंगळले. केनियाची एक नर्स धावत गेली आणि कांदे गोळा करू लागली. ती नापास. मी जागेवर उभा राहून टिपण केलं : कांदे चौदा, पैकी दोन सोफ्याखाली, म्हातारीचे श्वास मिनिटाला सव्वीस. मी पहिला आलो. म्हातारी संस्थेचीच होती, रोजाने आणलेली. शिवाय आम्हाला एक डायरी मिळाली. काम करताना आपल्याला कसं वाटलं, ते त्यात एक ते पाच अशा आकड्यांत लिहायचं असतं, एक म्हणजे छान, पाच म्हणजे फार वाईट.

प्रकल्पाचा प्रश्न असा होता : तांड्यात राहणारी सिस्टर असली, आणि तिने गरोदर बायांना रक्तवाढीच्या गोळ्या आणि लोहाचं सलाईन दिलं, तर त्यांच्या अंगात रक्त वाढतं का? वाढतं, हे जगाला माहीत होतं. वाशिम जिल्ह्यात वाढतं की नाही, याचा पुरावा नव्हता. त्यासाठी दोन तांडे घेतले. एकाला सगळं द्यायचं. दुसऱ्याला काहीच द्यायचं नाही, फक्त मोजायचं. या दुसऱ्याला तुलनागाव म्हणतात. सोडत संगणकाने काढली, तीही परदेशात, त्यामुळे वशिल्याचा प्रश्नच नव्हता. सिस्टर बोरतांड्याला गेली, पळसतांडा तुलनेसाठी राखीव झाला.

थोडी अडचण एवढीच होती, की ती सिस्टर मुळात पळसतांड्याची होती. तांड्याचे प्रमुख हरिसिंग नाईक यांनी सहा वर्षं अर्ज केल्यावर वैष्णवी सिस्टरची ऑर्डर निघाली होती. सोमवारी ती रुजू व्हायची, पत्र शनिवारी आलं. मी नाईकांना ओट्यावर बसून नीट समजावलं. तुमच्याशी तुलना केल्याशिवाय बोरतांड्यात काय फरक पडला ते कळणार नाही, म्हणजे खरं महत्त्व तुमचंच आहे. नाईक म्हणाले, महत्त्व बोरतांड्याले देऊन टाका अन् सिस्टर आमाले द्या. मी लिहिलं : नाराजी, अपेक्षेप्रमाणे.

तिथून मी रुपाबाईंच्या घरी गेलो. त्यांचा मुलगा करण आणि सून संगीता दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. संगीताला तेव्हा चौथा महिना होता. सिस्टर तांड्यात येणार म्हणून रुपाबाईंनी ठरवलं होतं, की यंदा सुनेला घरीच ठेवायचं. मी संगीताच्या बोटाला सुई टोचली. रक्त सात पूर्णांक दोन. अकरा तरी पाहिजे असतं. रुपाबाईंनी विचारलं, किती भरलं? मी म्हटलं, सांगता येत नाही. तुलनागावात आकडा सांगितला, तर माणूस घाबरून उपचार घ्यायला जातो, आणि तो हस्तक्षेप धरला जातो.

"द्याचं काही नाही, तं मोजता कायले?" रुपाबाई म्हणाल्या.

"मावशी, मोजल्याशिवाय फरक कसा कळेल?"

"कोणाले?"

हा प्रश्न प्रशिक्षणात घेतलेला नव्हता, म्हणून मी पुढच्या घरी गेलो.

आठ दिवसांत ग्रामसेवक मोटारसायकलवर मला शोधत आले. त्यांनी फार नम्रपणे विचारलं, की हातपंप दुरुस्त केला तर तुमच्या संशोधनाला बाधा येते का? मी खोटं कसं बोलू? पाण्याचा आरोग्याशी संबंध असतो, म्हणजे बाधा येते. ग्रामसेवकांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. बावीस वर्षांच्या नोकरीत आपल्या कामाची कुणी शास्त्रीय दखल घेतली नव्हती, असं ते म्हणाले. तसं लेखी द्याल का? मी दिलं.

मग रस्त्याचे साहेब आले. नाल्यावरचा पूल झाला तर लोक दवाखान्यात लवकर पोचतील, हे त्यांनी स्वतःच माझ्या लक्षात आणून दिलं, आणि पुलाचं काम शास्त्राच्या हितासाठी थांबवलं. पाठोपाठ सकाळची बस बंद झाली. शाळेच्या दुसऱ्या मास्तरांनी अर्ज केला, की शिकलेली आई मुलांची जास्त काळजी घेते, सबब आपण तांड्यात येणं योग्य नाही. तालुक्यातली इतर गावंही मागे लागली. एका कार्यालयाने तर गाव वगैरे न लिहिता, अख्ख्या कार्यालयालाच तुलनेचा दर्जा मिळावा अशी विनंती केली. पळसतांड्याच्या वेशीवर फलक लागला : 'येथे काहीही न करण्यासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य लाभले आहे.' त्याच्या अनावरणाला एक पुढारी आले होते. भाषणात त्यांनी शब्द दिला, की हे काम आपण कोणत्याही परिस्थितीत पूर्ण करू.

बोरतांड्यात मात्र कामाची धांदल होती. वैष्णवी सिस्टरला सोमवारी ऑनलाइन बैठक, मंगळवारी दर बाईमागे दोनशे चौदा प्रश्नांचा फॉर्म, बुधवारी पाहुणे आणि गुरुवारी प्रशिक्षण असे. रक्तवाढीसाठी शुक्रवारची दुपार राखून ठेवलेली होती.

डिसेंबरात मी पळसतांड्यात पुन्हा मोजायला गेलो. करण एव्हाना ऊसतोडीला गेला होता. संगीताचं रक्त आठ पूर्णांक सहा भरलं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, चांगला दोन मिनिटं झाला. मग माझ्या लक्षात आलं, की ज्या गावाला आपण काही देत नाही, तिथे रक्त वाढून राह्यलं आहे. म्हणजे प्रकल्प बुडाला. चौकशी केली, तर दर शुक्रवारी रुपाबाई सुनेला घेऊन पाच किलोमीटर पायी बोरतांड्याला जात होत्या, आणि वैष्णवी सिस्टर तिला सलाईन लावत होती. आमच्या भाषेत याला तुलनेचं दूषण म्हणतात.

मी सिस्टरला जाब विचारला. ती बाटली टांगत होती, वळून बघितलंसुद्धा नाही.

"सर, बाई दारात आली, तं तिले गाव विचारू का तिचं रक्त पाहू?"

मी मुख्य संशोधक मॅडमना कळवलं. मार्चमध्ये माझं पुढचं प्रशिक्षण होतं, मॅडमच्याच देशात, आणि ते ज्यांचे आकडे स्वच्छ त्यांनाच मिळणार होतं. म्हणून मी कळवलं. वाईट वाटलं का, तर वाटलं. मी डायरीत तीन लिहिलं.

मॅडम रागावल्या नाहीत. जागतिक आरोग्यात कुणी कुणाला शिक्षा करत नाही, प्रशिक्षण देतात. वैष्णवी सिस्टरला दीड महिना पुण्याला पाठवलं. विषय होता, 'सेवा न देण्यामागील नैतिकता'. बोरतांड्याच्या खोलीला कुलूप लागलं आणि दोन्ही तांडे एका पातळीवर आले. आकड्यांच्या दृष्टीने हे फार देखणं दिसतं.

फेब्रुवारीत संगीताचं रक्त सहा पूर्णांक चारवर आलं. मंगळवारी दुपारी ती अडली, तेव्हा मी महिन्याची मोजणी करायला तांड्यातच होतो. हरिसिंग नाईकांनी आपली जुनी जीप काढली. 'दवाखान्यात पोचायला लागलेला वेळ' असा रकाना असल्यामुळे मीही बसलो. नाल्यातून गाडी काढायला पंचवीस मिनिटं गेली, एकूण प्रवास एक तास दहा मिनिटं. मुलगी जीपमध्येच झाली, रुपाबाईंच्या हातांवर. ती लगेच रडली. पण संगीताचं रक्त थांबेना. रुपाबाईंनी आपलं लुगडं फाडून तिला दिलं आणि मी वेळ लिहून घेतली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बी पॉझिटिव्हची एकही पिशवी शिल्लक नाही, माणूस आणा. रुपाबाईंनी हात पुढे केला. त्यांचं स्वतःचंच रक्त सहा पूर्णांक आठ निघालं. नाईक एकाहत्तर वर्षांचे, त्यात साखरेचे. करण चारशे किलोमीटरवर उसाच्या फडात. डॉक्टरांची नजर माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. संस्थेने आमच्या सुरक्षिततेसाठी त्यावर रक्तगट छापलेला असतो.

"भाऊ, तुमचंबी तेच हाये म्हणते डॉक्टर," रुपाबाई म्हणाल्या.

मी मॅडमना मेल केला : तुलनागटातील महिलेला संशोधकाने रक्त देणे हस्तक्षेपात मोडते काय, कृपया मार्गदर्शन व्हावे. लगेच उत्तर आलं. ते आपोआप आलं होतं. मॅडम 'समुदायाचा विश्वास कसा मिळवावा' या परिषदेत होत्या आणि सोमवारी भेटणार होत्या. तातडीचं असल्यास संशोधकांच्या मनःस्वास्थ्यासाठी एक क्रमांक दिला होता. मी तिथे फोन लावला. पलीकडची बाई फार मायेने बोलली. तिने मला चार आकडे श्वास आत, चार आकडे बाहेर, असं पाच वेळा करायला लावलं. खरंच बरं वाटलं.

तोवर रुपाबाई नात छातीशी धरून व्हरांड्यात फिरत होत्या. बी पाझीटू हाये का कोणाचं, बी पाझीटू, असं एकेकाला विचारत होत्या. रुपाबाई आणि नाईक सोडले, तर व्हरांड्यात मला धरून चव्वेचाळीस माणसं होती. कुणी सकाळपासून उपाशी होतं, कुणाला अशक्तपणा होता, कुणाला आपला गटच ठाऊक नव्हता आणि तपासून घ्यायची घाई नव्हती. एकाने बाळासाठी बिस्किटाचा पुडा दिला. एकाने व्हिडिओ काढला. हळहळले सगळेच. तीन वाजून चाळीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी नाईकांना बाजूला घेतलं.

सोमवारी मॅडमचं उत्तर आलं. रक्त देण्यास हरकत नाही, मात्र तशी नोंद करावी, असं त्यांनी लिहिलं होतं. शेवटी विचारलं होतं : प्रिय संघपाल, तुला कसं वाटतंय? मी डायरी उघडली. आकडे पाचपर्यंतच होते. मी पाच लिहिलं.

रुपाबाई आता मला दारात उभं करत नाहीत. त्या घरापुढे 'पाठपुरावा शक्य नाही' असं लिहावं लागतं. बाकी प्रकल्प सुरळीत पार पडला. मी परदेशी जाऊन आलो. शोधनिबंधाच्या शेवटी, ज्यांचे आभार मानले त्यांत माझं नाव आहे. रक्त वाढतं की नाही, याबद्दल पुरावा अपुरा निघाला, म्हणून निधी वाढवून मिळाला.

त्याबरोबर मी संस्थेला एक शिफारस केली. दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात चव्वेचाळीस माणसांत प्रशिक्षण घेतलेला मी एकटा होतो. बाकीच्या त्रेचाळीस जणांनी कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय, माझ्याइतकंच अचूक काम केलं. तेव्हा हॉटेल, विमान आणि कांदे यांवर कशाला वेळ दवडायचा, हे कौशल्य समाजात तयारच आहे. शिफारस मान्य झाली. पुढच्या तुकडीचे अर्ज सुरू आहेत. ज्यांनी ही हकिकत इथवर बसल्या जागी वाचली आणि ज्यांना मनापासून वाईट वाटलं, त्यांना प्रशिक्षणातून सूट आहे. नाव तेवढं कळवावं. रक्तगट लिहायची गरज नाही.